फुकटच्या अँटिव्हायरसमधलं ‘नेटवर्क प्रोटेक्शन’: काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात नवी पेठेत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काउंटर आहे. यंत्रमाग कारखान्यांची ऑफिसं, भुसार व्यापारी, जुळे सोलापुरातली घरं, सगळीकडून मशिनं येतात आणि प्रश्न तेच येतात. आता लिहूनच ठेवले, निदान चहा तरी गरम प्यायला मिळेल.

‘नेटवर्क प्रोटेक्शन ऑन’ असं हिरवं दिसतंय. म्हणजे नक्की काय ऑन आहे?

हे बऱ्याचदा बसवून देणाऱ्यालाही माहीत नसतं. या एका नावाखाली चार वेगवेगळी कामं खपवली जातात. टॉवेलच्या कारखान्यावरून सांगतो.

फायरवॉल म्हणजे गेटवरचा वॉचमन. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, कुठल्या गेटानं, एवढंच तो बघतो. डबा उघडून बघणं त्याचं काम नाही. डबा उघडतो तो वेब शील्ड: लिंक दाबली की पान ब्राउझरपर्यंत पोचायच्या आधी त्याचा पत्ता आणि मजकूर तपासतो. तिसरा नेटवर्क इन्स्पेक्टर. हा कंपाउंडला फेरी मारतो आणि भिंत कुठं पडलीय ते सांगतो; बांधून देत नाही. चौथा आलेल्या पॅकेटची, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची, चाल ओळखून हल्ला तिथंच तोडतो. हा चौथा सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. विंडोज डिफेंडर चालू असेल तर टास्क मॅनेजर उघडून बघा, ‘मायक्रोसॉफ्ट नेटवर्क रिअलटाइम इन्स्पेक्शन सर्व्हिस’ अशी एक ओळ दिसेल. तोच तो.

म्हणून दोन अँटिव्हायरसची तुलना करताना ‘नेटवर्क प्रोटेक्शन आहे का’ असं विचारू नका. या चारांपैकी कोणतं आहे, ते विचारा.

फाइल तर स्कॅन होतेच. मग नेटवर्कवर वेगळा पहारा कशाला?

कारण प्रत्येक किडा फाइल उघडायची वाट बघत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा किडा पसरला तेव्हा बहुतेक लोकांनी काहीच उघडलं नव्हतं. विंडोजमध्ये फाइल आणि प्रिंटर शेअर करायची जी सोय आहे, तिच्या ४४५ नंबरच्या पोर्टातून (पोर्ट म्हणजे नेटवर्कसाठी मशिनला असलेलं नंबराचं दार) तो एका मशिनमधून दुसऱ्यात स्वतःच सरकत होता. मायक्रोसॉफ्टनं त्या भोकावरचं ठिगळ १४ मार्चलाच दिलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट घेतलं होतं किंवा ज्यांचं ते पोर्ट फायरवॉलनं बंद होतं, त्यांच्याकडे तो त्या वाटेनं शिरू शकला नाही. ऑफिसात सहा मशिनं एका स्विचला जोडलेली असतील तर हे उदाहरण तुमचंच आहे.

बरं, फुकटात कोण काय देतं ते सांगा.

विंडोज डिफेंडर विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासूनच असतो. फायरवॉल आहे आणि ती खरी आहे. बाहेरून आत येणारं जे आपण मागवलेलं नाही ते मुळातच अडवते, आतून बाहेर जाणाऱ्याला मात्र जाऊ देते. वेबची तपासणी स्मार्टस्क्रीन करते, पण ती एज ब्राउझरमध्ये. आपल्याकडे एज उघडतात ते क्रोम डाउनलोड करायला, हा भाग वेगळा. क्रोममध्ये ते काम गुगलचं सेफ ब्राउझिंग करतं, म्हणजे अगदीच उघड्यावर पडत नाही. नेटवर्क इन्स्पेक्टर नाही.

अव्हास्ट फ्री: यादीच्या लांबीनं बघितलं तर सगळ्यात भरलेलं ताट. वेब शील्ड आहे आणि ती कुठल्याही ब्राउझरमध्ये चालते. स्वतःची फायरवॉल आहे, नेटवर्क इन्स्पेक्टर आहे. पैसे कशाचे लागतात? कुणी पोर्ट चाचपत असेल तर त्याची सूचना, एआरपी स्पूफिंगची सूचना, म्हणजे त्याच वायफायवरचा दुसरा कुणी ‘मीच राउटर आहे’ असं सोंग घेऊन मध्ये बसला तर, आणि रिमोट डेस्कटॉपवरच्या हल्ल्यांपासून बचाव. घरच्या माणसाला पहिल्या दोन्हींची सहसा गरज पडत नाही. ज्यांचे अकाउंटंट रात्री घरून रिमोट डेस्कटॉपनं ऑफिसच्या मशिनवर येतात, त्यांनी तिसऱ्याचा विचार करावा, किंवा ते ३३८९ नंबरचं पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकणंच बंद करावं. दुसरा उपाय फुकट आहे आणि जास्त चांगला आहे.

बिटडिफेंडर फ्री रोमानियाच्या कंपनीचं. मला स्वतःला आवडतं ते हे, कारण ते गप्प बसतं. फसव्या आणि विषारी पानांना अडवण्याचं काम फुकट आवृत्तीतही मनापासून करतं. स्वतःची फायरवॉल नाही, त्यामुळे विंडोजची चालू ठेवायची. वायफायची तपासणी पैसे भरणाऱ्यांना. अकाउंट काढल्याशिवाय बसत नाही, एवढी एक कटकट.

अव्हिरा फ्री: यात लोक फसतात. चकचकीत पडद्यावर फायरवॉल दिसते, पण ती विंडोजचीच फायरवॉल हाताळायचं बटण आहे. वेब प्रोटेक्शन नावाचा मुख्य थर पैशाच्या आवृत्तीत आहे. फुकटात ब्राउझरचं एक्स्टेन्शन मिळतं, जे त्याच ब्राउझरपुरतं काम करतं.

कॅस्परस्की फ्री: वेबवरची तपासणी चांगली, फायरवॉल नाही. रशियन कंपनी म्हणून अमेरिकेनं जून २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. तुमच्या घरच्या मशिनवर त्याचा किती विचार करायचा ते तुम्ही ठरवा. सरकारी कंत्राटाचं काम करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी ते बसवत नाही.

अव्हास्ट, एव्हीजी, अव्हिरा: तिन्ही चालवून बघू का? कोण जास्त पकडतं ते कळेल.

काही कळणार नाही. अव्हास्टनं एव्हीजी २०१६ मध्ये घेतलं. नॉर्टनवाल्यांनी अव्हिरा २०२१ मध्ये घेतलं आणि २०२२ मध्ये अव्हास्टही त्यांच्यातच मिसळलं. आता हे सगळं जेन डिजिटल नावाच्या एकाच घरातलं आहे. अव्हास्ट आणि एव्हीजीचं तर आतलं इंजिनही एकच. चादरीचं डिझाइन वेगळं, माग तोच. खरी तुलना करायची असेल तर डिफेंडर, बिटडिफेंडर आणि या घरातलं कोणतंही एक, अशी करा.

आणि दोन तर एका वेळी कधीच ठेवू नका. दोघंही प्रत्येक फाइल आणि प्रत्येक कनेक्शन आधी आपल्या हातात घ्यायला बघतात. मशिन रांगायला लागतं आणि मग लोक रॅम वाढवायला आमच्याकडे येतात. दुसरा अँटिव्हायरस नीट बसला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, त्याला काढायची गरज नाही.

मग डिफेंडर बास आहे का? खरं सांगा.

बऱ्याच घरांत बास आहे, जर कुणी त्याचे हातपाय बांधून ठेवले नसतील तर.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं सांगतो. दिवाणजींचा फोन आला, “बाकीच्या मशिनवरून टॅलीचा डेटा उघडतोय, पण सगळंच हळू झालंय बघा.” जाऊन बघतो तर चारही मशिनवर फायरवॉल बंद. आधीच्या माणसानं टॅली नेटवर्कवर चालेना म्हणून तिन्ही खान्यांत, डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक, ‘ऑफ’ दाबून बिल घेतलं होतं. वर लाल खूण सारखी दिसते म्हणून ती सूचनाही बंद करून ठेवली होती. दोन वर्षं ते तसंच चालू होतं. वॉचमन पगारावर, पण त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी.

हे करायची गरजच नव्हती. ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल’ मध्ये जाऊन त्या एका प्रोग्रॅमला, फक्त प्रायव्हेटच्या खान्यात बरोबरची खूण करायची. पाच मिनिटांचं काम.

आता स्वतःच्या मशिनवर हे बघा: वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’? घरी-ऑफिसात, जिथं प्रिंटर किंवा फाइल शेअर करायची आहे तिथं प्रायव्हेट. एसटी स्टँड, लॉज, हॉस्पिटल, मंगल कार्यालयाचं वायफाय, सगळीकडे पब्लिक. गड्ड्याच्या यात्रेत कुणाच्या तरी हॉटस्पॉटला जोडून लॅपटॉपवर ‘प्रायव्हेट’ दाबलंत तर शेअर केलेले फोल्डर त्या हॉटस्पॉटवरच्या सगळ्यांना दिसू शकतात. हे एक बटण फुकट अँटिव्हायरस बदलण्यापेक्षा जास्त फरक पाडतं असं माझं मत आहे.

नेटवर्क इन्स्पेक्टरनं लाल दाखवलंय, ‘तुमचं नेटवर्क असुरक्षित आहे’. पैसे भरू का?

थांबा. लालच्या खाली काय लिहिलंय ते आधी वाचा. बहुतेक वेळा दुखणं राउटरचं असतं आणि राउटर काही अँटिव्हायरस विकत घेतल्यानं बरा होत नाही.

त्याच कारखान्यात फायरवॉल चालू करून झाल्यावर मी माझ्या लॅपटॉपवरून इन्स्पेक्टर फिरवला. ऑफिसात माणसं पाच, यादीत उपकरणं अकरा. शेठजींनी एकेक ओळ वाचायला सुरुवात केली: ह्यो माझा मोबाइल, ह्यो दिवाणजींचा, ह्यो प्रिंटर. एका ओळीवर येऊन थांबले. नाव नाही, नुसता नंबर. तो निघाला सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सिद्धरामेश्वरांच्या फोटोच्या मागच्या फळीवर ठेवलेला, वर उदबत्तीची राख. युजर ॲडमिन, पासवर्ड एक ते पाच आकडे. मोबाइलवर घरून गोडाऊन दिसावं म्हणून बसवणाऱ्यानं राउटरमध्ये त्याच्यासाठी बाहेरचं पोर्टही उघडून दिलं होतं. म्हणजे मागांची खडखड शेठजींबरोबर जगात कुणालाही बघता आली असती.

असे डीव्हीआर आणि कॅमेरे हेरून २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्यानं फौज उभी केली. त्याच्याकडे कारखान्यातून आलेले साठेक युजर-पासवर्ड होते, तेच तो एकेका दारावर वाजवून बघत होता. २१ ऑक्टोबरला त्या फौजेनं, साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणाऱ्या डिन नावाच्या कंपनीवर धाड घातली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास उघडेनात. अशा डीव्हीआरवर अँटिव्हायरस चढवता येत नाही. पासवर्ड बदलायचा, राउटरमधलं ते उघडं पोर्ट काढायचं, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वायफाय जोडायची सोय) बंद, यूपीएनपी (उपकरणांना राउटरमध्ये आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) लागत नसेल तर तेही बंद. खर्च शून्य.

तेव्हा इन्स्पेक्टर उपयोगी आहे, पण एकदा चालवा, यादी कागदावर उतरवा, दुरुस्त्या करा. मग सहा महिन्यांनी परत.

वेब शील्ड बँकेचं पान पण वाचते का?

प्रश्न चांगला आहे, फार कमी लोक विचारतात. कुलूप असलेलं पान, म्हणजे एचटीटीपीएस, मधल्या कुणालाच वाचता येऊ नये असंच बनवलेलं असतं. ते तपासायचं तर अँटिव्हायरसला मध्ये उभं राहावं लागतं. त्यासाठी तो तुमच्या मशिनमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे मशिननं आपोआप खरं मानायचं ओळखपत्र, बसवतो, पान स्वतः उघडतो, बघतो आणि परत पाकीट बंद करून ब्राउझरला देतो. बघायचं असेल तर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या आधी असलेल्या खुणेवर जाऊन सर्टिफिकेट कुणी दिलंय ते वाचा. बँकेचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेऐवजी अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर मधला माणूस उभा आहे असं समजा.

यात फायदा आहे, कारण आजकाल फसव्या पानांनाही कुलूप असतं. धोकाही आहे: त्या मधल्या माणसातच चूक निघाली तर कुलपाला अर्थ राहत नाही. मी घरगुती मशिनवर हे चालू ठेवतो. जीएसटी भरणारे, डिजिटल सही वापरणारे यांच्याकडे कधी कधी पोर्टल अडतं. तिथं पूर्ण शील्ड बंद न करता त्या पत्त्यापुरती सूट द्यायची.

फुकट देतात तर कमावतात कशावर?

एक, तुम्हाला घाबरवून पैशाची आवृत्ती विकण्यावर. ते उजव्या कोपऱ्यात सारखं उडी मारतं ते तेच. दुसरं जास्त गंभीर. अव्हास्टची जंपशॉट नावाची एक उपकंपनी होती. अँटिव्हायरस आणि एक्स्टेन्शनमधून गोळा झालेली लोकांची ब्राउझिंगची माहिती ती विकत होती. जानेवारी २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर ती बंद केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातीसाठी विकायला मनाई केली. वेब शील्डला तुमचा प्रत्येक पत्ता दिसतो, दिसावाच लागतो. म्हणून कुठलंही फुकट बसवलं की पहिल्यांदा सेटिंगमधल्या प्रायव्हसीच्या पानावर जाऊन माहिती वाटण्याच्या सगळ्या खुणा काढायच्या. बसवताना ‘हे ब्राउझर पण घ्या, हा क्लीनर पण घ्या’ विचारतात, तिथंही नको म्हणा. नेक्स्ट-नेक्स्ट दाबायची सवय सोडा.

अँटिव्हायरसबरोबर फुकट व्हीपीएन आलाय. चालू ठेवू?

व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटवरची ये-जा कुलूपबंद बोगद्यातून नेणारी सोय. अव्हिराच्या फुकट व्हीपीएनला महिन्याला ५०० एमबी मिळतात. दुपारी कूलरसमोर पडून पोराने दोन व्हिडिओ बघितले की संपले. बाहेरच्या वायफायवर एखादा व्यवहार करण्यापुरता ठीक.

क्विक हील फुकट मिळतं का? आपल्या पुण्याचं आहे ना?

पुण्याचंच. कैलास आणि संजय काटकर या भावांनी १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस नावानं अँटिव्हायरस विकायला सुरुवात केली, २००७ मध्ये कंपनीचं नाव क्विक हील झालं. कॉम्प्युटरवर ते पैशाचं आहे. फुकट मिळते ती ठरावीक दिवसांची चाचणी. ‘फुकट कायमचं’ म्हणून कुणी लायसन्सची की (‘key’) देत असेल तर ती चोरीची आहे, आणि तसल्या क्रॅकमधूनच किडा येतो.

सरकारी फुकट सोय मात्र आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचं सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं; त्यांच्या साइटवर बॉट, म्हणजे मशिन दुसऱ्याच्या ताब्यात देणारे किडे, काढायची साधनं फुकट मिळतात. ती रोजच्या पहाऱ्याला नाहीत, मशिन आधीच बाधलंय अशी शंका आली तर एकदा झाडून काढायला आहेत.

वेब शील्ड खरंच काम करतेय का, ते घरी कसं बघायचं?

इकार नावाची चाचणी फाइल असते. ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी. सगळ्या अँटिव्हायरसवाल्यांनी ठरवून तिला व्हायरससारखं वागवायचं कबूल केलंय. इकारच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. डाउनलोड सुरू होतानाच अडली तर वेबचा थर जागा आहे. फाइल उतरली आणि मग पकडली तर फाइल स्कॅनर जागा, वेब झोपलेलं. काहीच झालं नाही तर मशिन घेऊन या.

आमच्याकडे अजून विंडोज १० आहे. ७ पण आहे एक.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची ठिगळं मिळतात. डिफेंडरच्या ओळख-याद्या मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार आहे. पण याद्या नव्या आणि भोकं जुनी अशी गत होते. विंडोज ७ वर नोंदवही, बिलं काय ती चालवा, इंटरनेटची वायर मात्र काढून ठेवा. त्यावर कुठला अँटिव्हायरस चांगला, हा प्रश्न मला विचारू नका.

अँटिव्हायरस न बदलता आणखी काही फुकट करता येईल?

डीएनएस बदला. साइटचं नाव टाकल्यावर तिचा नंबर शोधून देणारी जी यंत्रणा असते, ती सहसा तुमच्या केबलवाल्याची असते. तिच्या जागी राउटरमध्ये क्वाडनाइनचे चार नऊ, ९.९.९.९, किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.२ टाका (आकडे अर्थातच इंग्रजीत). माहीत असलेल्या विषारी साइटचा नंबर हे देतच नाहीत, त्यामुळे घरातला मोबाइल, टीव्ही, पाहुण्यांचा फोन, सगळे एकदम त्या आडोशाखाली येतात. हे राउटरमध्ये एकदाच करायचं असतं म्हणून मी जवळजवळ प्रत्येकाला करून देतो.

मोबाइलवर?

तिथं नेटवर्कपेक्षा व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल मोठी चोर. लग्नपत्रिका म्हणून येते, आरटीओचं चलन म्हणून येते. पत्रिका कधी ॲप नसते. दाबलं गेलं आणि पैसे गेलेच तर आधी १९३० ला फोन, मग आमच्याकडे.

मशिन दुकानात आणू की तुम्ही घरी येता?

सीपीयू एकटा आणलात तर मी व्हायरस काढून देईन, पण वर लिहिलेल्यातलं अर्धं दुखणं घरीच राहील, कारण ते राउटरमध्ये आहे. राउटर उपटून आणू नका, घरच्यांचे फोन येतात. त्याच्या पोटाखाली एक स्टिकर असतो, मॉडेल आणि ॲडमिनचा पासवर्ड लिहिलेला. त्याचा स्पष्ट फोटो काढून आणा. फोटो मलाच दाखवा. मागच्या महिन्यात एकांनी तो चुकून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत खाली तीन अंगठे आणि एक ‘धन्यवाद काका’ आला होता.